पहिल्या २८ दिवसांचा हिशेब

पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन सुरू झाले की श्वेतांबर परंपरेतील एक हृद्य प्रसंग दरवर्षी कानी पडतो. आपल्या हालचालींनी मातेला पीडा होऊ नये, या करुणेने गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले. हालचाल थांबताच त्रिशलामाता शोकाकुल झाली. गर्भाला काही अपाय झाला असावा, या भयाने राजवाड्यातील गीतवाद्येही थांबली. मातेचे दुःख जाणून प्रभूंनी किंचित हालचाल केली आणि मातेच्या मुखावरील आनंद परतला. या प्रसंगाचा आध्यात्मिक अर्थ गुरुमहाराज उलगडून सांगतात. त्यात प्रत्येक गरोदर स्त्रीच्या अनुभवातील एक सत्यही आहे. गर्भ हलतो, ही मातेच्या दृष्टीने त्याच्या कुशलाची पहिली खूण असते.

ही खूण मातेला साधारणपणे पाचव्या महिन्याच्या सुमारास जाणवते. सोनोग्राफीच्या पडद्यावर मात्र सातव्या-आठव्या आठवड्यातच गर्भाची अस्फुट हालचाल दिसू लागते. त्या वेळी मेंदूचे नियंत्रण अद्याप अवयवांपर्यंत पोहोचलेले नसते. या आरंभीच्या हालचाली घडवितो तो मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्याच्या पोकळीतून जाणारा चेतापेशींचा आणि चेतातंतूंचा दोर. हा दोर गर्भात कसा वळला जातो, याविषयी विज्ञानाला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग उंदरांच्या गर्भाच्या अभ्यासातून आलेला आहे. उंदीर आणि मनुष्य यांच्यात या बाबतीत साम्य किती आणि भेद कोणता, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. घरात नवी सून आली आहे, अशा प्रत्येक कुटुंबाचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

एकच आराखडा

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात मानवी गर्भ एखाद्या चपट्या, लांबट चकतीसारखा असतो. तिच्या मध्यरेषेखाली पृष्ठरज्जू नावाची एक नाजूक काडी तयार होते. तिच्याकडून मिळालेल्या रासायनिक संकेतांमुळे वरचा थर मध्यभागी जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, मध्ये पन्हळ पडते आणि शेवटी त्या कडा एकमेकींना भेटून जुळतात. कापडाचे दोन काठ जवळ आणून त्यांवर शिवण घालावी आणि कापडाची नळी व्हावी, तसा हा प्रकार आहे. या नळीला चेतानलिका म्हणतात. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू घडतो आणि उरलेल्या लांबीपासून मेरुरज्जू.

शिवण पूर्ण होईपर्यंत नळीची दोन्ही टोके उघडी असतात. मानवी गर्भात वरचे टोक गर्भधारणेनंतर सुमारे २५ व्या दिवशी आणि खालचे टोक २८ व्या दिवसाच्या आसपास मिटते. त्या वेळी गर्भ तांदळाच्या दाण्याहून मोठा नसतो. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी नीट बनत नाहीत व बालक जगू शकत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर कणा दुभंगलेला राहतो. या व्यंगाला स्पायना बायफिडा म्हणतात. असे बालक जगते, पण पायांतील दुर्बलता, मलमूत्रावर ताबा नसणे, डोक्यात पाणी साठणे अशा अडचणी त्याच्या आयुष्यभर सोबत येऊ शकतात.

नळी मिटत असतानाच आत कामांची वाटणी सुरू होते. खालच्या पृष्ठरज्जूकडून ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन झिरपते. ते खालच्या बाजूला दाट आणि वर जावे तसे विरळ असते. प्रत्येक पेशी आपल्या वाट्याला आलेल्या प्रमाणावरून आपली भूमिका ठरविते. खालच्या बाजूच्या काही पेशी स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी होतात. वरच्या बाजूला दुसरेच संकेत काम करतात आणि तेथील पेशी स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या वार्ता स्वीकारू लागतात. उंदराच्या गर्भात हीच प्रथिने, हीच जनुके आणि हीच वाटणी आढळते. जैन विचाराने मनुष्य आणि मूषक या दोघांनाही गर्भज पंचेंद्रिय जीवांत स्थान दिले आहे. वेदना जाणण्याची व्यवस्था दोघांच्याही देहात एकाच आराखड्यावर उभी राहते, हे गर्भविज्ञानाने आपल्या मार्गाने दाखवून दिले आहे.

दोन दिनदर्शिका

आराखडा एक असला, तरी वेळापत्रक एक नाही. प्रयोगशाळेतील लहान उंदराचा, म्हणजे माऊसचा गर्भकाळ सुमारे १९ ते २० दिवसांचा असतो. मोठ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा गर्भकाळ २१ ते २२ दिवसांचा असतो. मनुष्याचा गर्भकाळ गर्भधारणेपासून मोजल्यास सुमारे ३८ आठवडे, म्हणजे २६६ दिवस भरतो. माऊसच्या गर्भात चेतानलिकेची शिवण साडेआठव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते आणि दहाव्या दिवशी संपते. अवघ्या दीड दिवसाचे काम. मानवी गर्भात त्याला जवळजवळ एक आठवडा लागतो.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. माऊसची चेतानलिका मिटते तेव्हा त्याचा निम्मा गर्भकाळ संपलेला असतो. मानवी चेतानलिका मिटते तेव्हा गर्भकाळाचा जेमतेम दहावा हिस्सा उलटलेला असतो. याचा अर्थ असा, की मानवी गर्भात कण्याचा पाया फार लवकर घातला जातो आणि त्यावरील बांधकामाला दीर्घ अवधी मिळतो. उंदराच्या पिल्लाचे पुष्कळसे बांधकाम जन्मानंतर चालते.

मेंदूच्या बाह्य थरातून निघून मेरुरज्जूत उतरणाऱ्या तंतूंचे उदाहरण घेता येईल. हेतुपूर्वक हात हलविणे, बोटांनी वस्तू उचलणे यांसाठी हे तंतू आवश्यक असतात. रॅटमध्ये ते जन्माच्या सुमारास मेंदूच्या बुडापर्यंत आलेले असतात आणि पुढील दहा-बारा दिवसांत मेरुरज्जूतून खाली उतरतात. मानवी गर्भात हे तंतू २४ व्या आठवड्यापर्यंत मानेतील मेरुरज्जूच्या खालच्या भागात पोहोचलेले असतात. चेतातंतूंवर चढणाऱ्या मायलिनच्या आवरणाचेही असेच आहे. मानवी मेरुरज्जूत ते गरोदरपणाच्या मध्यावरच चढू लागते, तर उंदरात त्याचा बहुतेक भाग जन्मानंतरचा असतो. म्हणूनच वेळेच्या पुष्कळ आधी जन्मलेल्या मानवी बालकाच्या चेतासंस्थेचा विचार करताना शास्त्रज्ञ नुकत्या जन्मलेल्या रॅटच्या पिल्लाकडे पाहतात.

रचनेतही काही भेद आहेत. हे उतरणारे तंतू रॅटमध्ये मुख्यतः मेरुरज्जूच्या पाठीकडील मध्यभागातून जातात, मनुष्यात मुख्यतः बाजूच्या भागातून. मनुष्यात त्यांपैकी काही तंतू प्रेरक चेतापेशींना थेट जाऊन भिडतात. रत्नपारख्याने चिमट्याशिवाय बोटांच्या टोकांवर हिरा तोलावा, सराफाने बारीक साखळीचा काटा जोडावा, या कौशल्यामागे ही थेट जोडणी आहे. प्रौढ उंदरात अशी थेट जोडणी जवळजवळ नसते. तेथे मधल्या पेशींमार्फत निरोप जातो.

आणखी एक बाब सिझेरियन झालेल्या स्त्रियांना अनुभवाने परिचित असेल. तिसऱ्या महिन्यापर्यंत मानवी मेरुरज्जू कण्याच्या पूर्ण लांबीइतका असतो. पुढे कणा वेगाने वाढतो आणि मेरुरज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचे टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असते आणि मोठेपणी ते पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी येते. भूल देणारे डॉक्टर कमरेत सुई घालतात ती या टोकाच्या खाली, म्हणूनच मेरुरज्जूला इजा पोहोचत नाही. उंदरात मेरुरज्जू कमरेत तुलनेने अधिक खालपर्यंत राहतो.

वेळेचा हा भेद येतो कोठून? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०२० साली याचे एक उद्बोधक उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी उंदराच्या आणि मनुष्याच्या मूळपेशी काचपात्रात वाढवून त्यांपासून प्रेरक चेतापेशी घडविल्या. टप्पे तेच, क्रम तोच. परंतु मानवी पेशींना सुमारे अडीच पट वेळ लागला. उंदराच्या पेशीत मानवी जनुक असले, तरी ते उंदराच्याच गतीने चालले. म्हणजे घड्याळ जनुकाच्या मजकुरात नव्हते. पेशीतील प्रथिने किती काळ टिकतात, याच्याशी त्या गतीचा निकट संबंध दिसला. मानवी पेशीत ती अधिक काळ टिकतात आणि म्हणून प्रत्येक पाऊल सावकाश पडते. काल आणि स्वभाव यांना कार्याच्या कारणांत स्थान देणाऱ्या पाच समवायांच्या विचाराशी परिचित असलेल्या वाचकाला हा निष्कर्ष परका वाटणार नाही.

परळची प्रयोगशाळा

कण्याच्या या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणारा एक गंभीर रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले. त्या स्त्रियांसारखा निकस आहार त्यांनी उंदरांना देऊन पाहिला. उंदरांनाही रक्तक्षय झाला, पण त्यांच्या अंगावरील उवांतून पसरलेल्या एका संसर्गाने निष्कर्षांत गोंधळ घातला. उत्तर अखेर दुसऱ्याच वाटेने हाती आले. यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याचे नामकरण झाले. १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. नव्या पेशी घडताना जनुकद्रव्याची प्रत काढावी लागते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. चेतानलिकेची शिवण चालू असताना पेशींची वाढ अतिशय वेगाने होत असते. त्या काळात या द्रव्याची निकड का भासते, ते यावरून ध्यानी येईल.

उंदीर जेथे उत्तर देत नाही

फॉलिक ॲसिडने कण्याचे व्यंग टळते, हे निर्विवादपणे सिद्ध झाले ते स्त्रियांच्या अभ्यासातून. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पुढाकाराने ७ देशांतील ३३ केंद्रांत १,८१७ स्त्रियांवर हा अभ्यास झाला. या सर्व स्त्रियांच्या आधीच्या गर्भात असे व्यंग आढळले होते. १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फॉलिक ॲसिड घेणाऱ्या गटात व्यंगाचे ६ गर्भ आढळले, न घेणाऱ्या गटात २१. म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी हंगेरीतील अभ्यासाने आधी असा इतिहास नसलेल्या स्त्रियांनाही फॉलिक ॲसिडयुक्त जीवनसत्त्वांचा लाभ होतो, हे दाखविले.

केवळ उंदरांवर विसंबून हे उत्तर मिळाले असते का, याची शंका वाटावी अशी कारणे आहेत. सामान्य माऊसला फॉलिक ॲसिड नसलेला आहार दिला, तरी एवढ्यावरून तिच्या पिल्लांत चेतानलिकेचे व्यंग उद्भवत नाही. त्यासाठी मुळात जनुकीय दोष असावा लागतो. शिवाय उंदराच्या आतड्यातील जंतू हे द्रव्य तयार करतात आणि उंदीर आपली विष्ठा खातो, त्यामुळे त्याची तूट सहज भरून निघते. जन्मजात दोष असलेल्या उंदरांच्या जातींतही एकवाक्यता नाही. ‘स्प्लॉच’ या जातीत फॉलिक ॲसिडने लाभ होतो. ‘कर्ली टेल’ या जातीत होत नाही, तेथे इनॉसिटॉल नावाचे दुसरे द्रव्य उपयोगी पडते. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध उंदराच्या गर्भात डोक्याकडील भाग उघडा ठेवते, मनुष्यात मात्र त्याचा आघात मुख्यतः कमरेकडील कण्यावर होतो.

तात्पर्य, शिवण कशी पडते हे उंदराने दाखविले. ती कोणत्या दिवशी पडते आणि त्या दिवशी मातेच्या देहात काय असावे लागते, हे मात्र मानवमातांकडूनच शिकावे लागले. या ज्ञानापोटी असंख्य मूक जीवांचे प्राण गेले आहेत, ही जाणीव अहिंसेच्या उपासकाने बाळगावी. १९५९ साली रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्राण्यांचा वापर टाळणे, त्यांची संख्या घटविणे आणि त्यांची पीडा कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. काचपात्रातील पेशींवरचे संशोधन हे त्या दिशेचे एक पाऊल आहे. मानवी मूळपेशींच्या वापराविषयी स्वतंत्र नैतिक चर्चा चालू आहे, तीही डोळसपणे ऐकली पाहिजे. आणि जे ज्ञान एवढे मोल देऊन हाती आले, ते घरात अनुपयोगी पडून राहणे हा दुहेरी तोटा होय.

घरातील विवेक

आता २८ दिवसांच्या हिशेबाकडे वळावे. गर्भधारणेनंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी चुकते. काही दिवस वाट पाहण्यात जातात, मग चाचणी, मग सासूबाईंच्या कानावर घालणे, मग डॉक्टरांची वेळ घेणे. पहिली गोळी लिहून मिळते तोवर बहुधा शिवण पूर्ण झालेली असते, किंवा राहून गेलेली असते. माल गोदामातून निघून गेल्यावर विमा उतरविण्यासारखाच हा प्रकार. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा आणि भारत सरकारच्या आरोग्य कार्यक्रमाचाही सल्ला असा आहे, की अपत्याचा विचार सुरू होताच, गर्भ राहण्यापूर्वीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. आधीच्या गर्भात असे व्यंग आढळले असल्यास मात्रा बरीच अधिक लागते. मधुमेह असेल किंवा अपस्मारावरील औषध चालू असेल, तर गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांना भेटावे. चालू औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्या घरांत एक विशेष बाब ध्यानी घ्यावी लागते. चातुर्मासात जीवरक्षेच्या भावनेने पालेभाज्या वर्ज्य असतात. आहारातील फॉलिक ॲसिडचा एक मोठा स्रोत त्यामुळे चार महिने दूर राहतो. व्रत मोडण्याची आवश्यकता नाही. मूग, चवळी, हरभरा, मसूर या डाळी-कडधान्यांतही ते विपुल असते. परंतु ते शिजविताना काही अंशी नष्ट होते, त्यामुळे आहार कितीही चौरस असला तरी गोळी लागतेच. ही गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते. नवकारशीनंतर उकळलेल्या पाण्यासोबत ती घेता येते आणि चौविहारातही बाधा येत नाही. अपत्याचा विचार चालू असताना अठ्ठाईसारखी दीर्घ तपश्चर्या करावी किंवा कसे, हे डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी बोलून ठरवावे. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत, हे स्मरणात असावे.

दुसरी बाब जीवनसत्त्व बी-१२ ची. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही जोडीने काम करणारी द्रव्ये आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी परिसरातील खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा १८ व्या आठवड्यात दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. फॉलिक ॲसिड मात्र केवळ एकीत कमी होते. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी घरात त्याचा आधार दूध, दही, ताक एवढाच असतो आणि तो नेहमी पुरा पडतोच असे नाही. रक्ताची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक मात्रा घेता येते. हे द्रव्य जंतूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार केले जाते. कॅप्सूलच्या आवरणात प्राणिज जिलेटिन नाही ना, एवढे औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे. फॉलिक ॲसिड सर्वत्र साध्या गोळीच्या रूपात मिळते.

एवढी दक्षता घेऊनही क्वचित व्यंग उद्भवते, कारण सर्वच कारणे आहाराशी निगडित नसतात. अशा वेळी ग्रहणात चाकू हाती घेतला, अमुक पायरी ओलांडली, असे आरोप सुनेवर होतात. चेतानलिका मिटण्याच्या सुमारास त्या बिचारीला आपण माता होणार हेही ठाऊक नव्हते, याचा विचार कोणी करीत नाही. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत कण्याची तपासणी करून घ्यावी आणि काही आढळल्यास तज्ज्ञांशी शांतपणे बोलावे. दोषारोपाने कोणाचाही कणा सरळ होत नाही.

कर्मसिद्धांताचा आधार घेऊन ‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणणारेही भेटतात. पण पाच समवायांत काल, स्वभाव, नियती आणि कर्म यांच्यासोबत पुरुषार्थालाही स्थान आहे. गर्भाचा स्वभाव आपल्या हाती नाही आणि त्याचा काळही आपल्यासाठी थांबत नाही. पुरुषार्थ तेवढा हाती आहे आणि तो काळाच्या आधी करावा लागतो. लग्नाची याद्या, दागिने, पत्रिका यांत महिनोन्‌महिने गुंतणाऱ्या घराने नव्या सुनेला आणि मुलाला एकदा एकत्र बसवून ही गोष्ट सांगावी. सासूबाईंनी सांगितली तर उत्तमच. त्रिशलामातेला गर्भाच्या स्पंदनाने जो दिलासा मिळाला, तो प्रत्येक मातेला मिळावा, यासाठी स्पंदन जाणवण्याच्या चार महिने आधीच एक लहानशी गोळी घरात यावी लागते.